ग्रँड कॅन्यन : काठावरूनच पाहा

मुलांकडे अमेरिकेत गेलात, तर ग्रँड कॅन्यन अवश्य पाहा, मात्र काठावरूनच. दक्षिण काठ सुमारे ७,००० फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरहूनही अडीच हजार फूट उंच आहे. तेथे सपाटीवरही धाप लागू शकते. पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. गड चढताना दमलो, तर परतीला उतार असतो. येथे उलटे : आधी उतार, थकल्यावर चढ, आणि दरीत उष्माही अधिक. उतरण्याच्या दुप्पट वेळ चढण्यास धरावा लागतो. नातवंडे खुशाल आग्रह करोत, आपल्या गुडघ्यांना मॅथर पॉइंटजवळची फरसबंद वाट पुरेशी आहे. मोफत बसही आहे. हृदयविकार असल्यास किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. सूर्यास्त पाहायला जाताना स्वेटर घ्या.