भीमाकाठची दैनंदिनी : मडक्यावरची होडी

मंगळवार, शिरूर
जुनी माणसं या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. बुडालेली लाकडी नाव शोधतोय म्हटल्यावर टपरीवरचे काका हसले, "मग कोकणात जा की!" त्यांचं खरं आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी सुंची खडकापाशी बुडालेल्या पोर्तुगीज जहाजावरच्या तोफा आणि हस्तिदंत वर काढले. देशावर माल चालायचा तो बैलांच्या पाठीवरून. नदीत असायची ती तर, या काठची माणसं आणि पोती त्या काठाला नेणारी. लाकूड कायम गाळात, हवेविना पडून राहिलं तर शतकानुशतकं टिकतं. पण भीमेला मिळणारी इथली घोड नदी उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात फुगते. अशा ओल्या-कोरड्यात फळी कुजणारच.

बुधवार, इनामगाव
तरी होडी सापडली आहे, आणि ती इथेच, घोडेच्या काठी! डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात इथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती खणली. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 एवढं या वस्तीचं आयुष्य. चार पायांच्या एका मातीच्या रांजणात बसवून पुरलेला पुरुष मिळाला. तशाच दुसऱ्या रांजणात मात्र माणसाचं हाडूक नव्हतं. आत होतं रंगवलेलं मडकं, त्यावर लांब वल्ह्यांची होडी. देह हाती न लागलेल्या कुणाचं हे प्रतीकात्मक दफन असावं, असा कयास आहे. वैतरणीची आठवण होतेच. पण ती आपली, त्यांची होती की नाही कोण सांगणार? मला त्या चिताऱ्याचं नवल वाटतं. वल्ही एवढी लांब काढणाऱ्याने होडी नुसती ऐकलेली नसावी.

गुरुवार, दौंड
सिद्धटेकला जायला पूर्वी शिरापूरहून होडीत बसावं लागे. आता पूल आहे, तरीचं काम संपलं. भीमेच्या तळाशी आज बोटी आहेत त्या वाळूउपशाच्या. महसूल आणि पोलिसांची पथकं येतात, जिलेटिन लावून उडवतात, सांगाडा तिथेच बुडतो. उद्याच्या पाणबुड्यांना या नदीत हेच मिळणार. पेपरात त्या बोटींची किंमत लाखांत छापून येते. त्या कुणी बांधल्या, कशा बांधल्या, हे कुणी विचारत नाही.

उद्या भिगवणमार्गे पळसदेव. उजनीत गेलेलं देऊळ पाणी उतरलं की दिसतं म्हणतात.