आपल्या घरावरून जाणारी रेषा

लेक चौथीत गेली आणि तिला देशांच्या राजधान्या पाठ करायची हौस लागली. भराभर घोकायची, भराभर विसरायची. नकाशा तिला वाचता यावा, अशी माझी फार इच्छा होती. म्हणून जगाचा नकाशा भिंतीवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला लावला, टेबलावर पृथ्वीगोल ठेवला आणि ठरवलं, की प्रत्येक प्रवास आपल्या घरापासून सुरू करायचा.

आम्ही पुण्यात राहतो. पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश उत्तर. त्या अक्षांशावर आम्ही पृथ्वीगोलाभोवती लाल लोकर गुंडाळली आणि तिनं बोट पश्चिमेकडे सरकवायला सुरुवात केली. अरबी समुद्र ओलांडून ओमान, सौदी अरेबियाचं वाळवंट, तांबडा समुद्र, मग सुदान, चाड, नायजर, माली, मॉरिटानिया. अटलांटिकपलीकडे पोर्तो रिको, डॉमिनिकन प्रजासत्ताक, हैती, पुढे मेक्सिको. अथांग पॅसिफिक संपल्यावर फिलिपिन्सचा उत्तर भाग, चीनचं हैनान बेट, व्हिएतनाम, लाओस, थायलंड, म्यानमार आणि बंगालचा उपसागर ओलांडून थेट आंध्रचा किनारा.

बोट आफ्रिकेवर असतानाच ती थांबली होती. "आई, आपल्याच रेषेवर एवढं मोठं वाळवंट कसं? आपल्याकडे तर केवढा पाऊस पडतो!"

त्या प्रश्नावर आम्ही बरेच दिवस रमलो. उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्रावरून बाष्पानं भरलेले वारे आपल्याकडे येतात, सह्याद्री त्यांना वर चढायला लावतो आणि ढग घाटात रिते होतात. सहारावर मात्र वर्षातला बहुतेक काळ कोरडी हवा वरून खाली उतरत राहते. हे सांगताना मी तिला नकाशावर वाऱ्याचे बाण खडूनं काढायला लावले. मोसमी वारे तिला त्या बाणांमुळे कळले. मे महिन्याच्या मध्यावर, सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दुपारी, साडेबाराच्या सुमारास आम्ही गच्चीत एक सरळ बाटली उभी केली. बाटलीची सावली नाहीशी झाली. त्या रेषेवरच्या सगळ्याच गावांत आपापल्या मध्यान्ही हेच होतं, हे कळल्यावर हैतीतली मुलं तिला एकदम शेजारची वाटू लागली.

मग बटर पेपरची पाळी आली. भिंतीवरचा नकाशा मर्केटरच्या पद्धतीचा होता. त्यावरचा ग्रीनलंड तिनं गिरवला, कापला आणि भारतावर ठेवला, तर भारत पार झाकला गेला. तेच तिनं पृथ्वीगोलावर करून पाहिलं, तेव्हा ग्रीनलंड भारतापेक्षा लहान निघाला. ग्रीनलंडचं क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, भारताचं ३२.९ लाख. मर्केटरनं १५६९ साली हा नकाशा दर्यावर्दींसाठी केला. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारा मार्ग त्यावर सरळ रेषेत काढता येतो. त्या सोयीसाठी ध्रुवांकडचे प्रदेश ताणले गेले. मुंबई ते न्यूयॉर्क हा सर्वांत जवळचा मार्ग आम्ही पृथ्वीगोलावर दोरा ताणून शोधला. तो रशिया, स्वीडन, आइसलंड आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकावरून गेला. सपाट नकाशावर तिनं पट्टीनं आखलेली रेषा मात्र अरबस्तान आणि सहारावरून गेली होती. नकाशा कशासाठी काढला आहे, हे आधी विचारायचं, असं ती त्या दिवसापासून म्हणू लागली.

एका एकादशीला खिचडीचा नकाशा झाला. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो, तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणाही तिकडचाच. बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोकडची. फक्त जिरं पूर्व भूमध्य समुद्राच्या बाजूचं. कोऱ्या नकाशावर तिनं प्रत्येक जिन्नसाला एक रंग दिला आणि बाण काढले. मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर आली, हे सांगितल्यावर तिनं जहाजाची वाट आफ्रिकेला वळसा घालून काढली. "इजिप्तमधून सरळ का नाही आले?" तिनं विचारलं. तेव्हा सुएझ कालवा नव्हता, तो १८६९ साली खुला झाला, हे उत्तर मग वेगळं पाठ करावं लागलं नाही.

आता बातमीत एखादं गाव आलं, की ती आधी नकाशापाशी जाते. समुद्र किती लांब, डोंगर कुठल्या बाजूला, नदी कुठून येते, हे पाहते. नाव त्यानंतर आपोआप लक्षात राहतं. कोरे नकाशे दुकानात अगदी स्वस्त मिळतात, लोकर आणि बटर पेपर घरात असतातच. आपल्या गावाचा अक्षांश शोधा आणि मुलांचं बोट त्या रेषेवर ठेवा. जिथे ते थांबेल, तिथून धडा सुरू करा.