पिवळा पळस आणि सात्या

चंद्रपूरहून मूल-सावलीमार्गे गडचिरोलीला निघालो तेव्हा आषाढ अर्धा सरला होता. बांध्यांत रोवणी चाललेली, आणि बांधांवर, पडीत जागेत जिकडे तिकडे पळस. फाल्गुनात हाच रस्ता केशरी होतो. त्या केशरी गर्दीत एक पळस हळदपिवळा फुललेला पाहिला होता. आता त्याच्यापाशी उतरलो, तर शेजारच्या झाडांत आणि त्याच्यात काडीचाही फरक नाही. पळसाला पाने तीनच, पिवळ्यालाही तीनच. शास्त्राच्या लेखीही ती निराळी जात नव्हे, ब्युटिया मोनोस्पर्माचाच 'ल्युटिया' हा दुर्मीळ प्रकार. त्याचे वेगळेपण फुलोऱ्यापुरते.

वैनगंगा ओलांडल्यावर रस्त्याकडेला पळसाच्याच पानांवर सात्यांचे वाटे मांडलेले दिसले. मातीने माखलेले लांब देठ, अर्धवट मिटलेल्या छत्र्या. टर्मिटोमायसिस प्रजातीतली ही अळंबी वाळवीच्या वारुळातून उगवते. वाळवी लाकूड, पालापाचोळा आणून त्याचे थर रचते आणि त्यावर बुरशी पोसते. बुरशी त्यातले चिवट घटक मोडते, म्हणून ते वाळवीला पचते. पाऊस लागला की तीच बुरशी सात्या होऊन जमीन फोडते. वाळवीवाचून तिची शेती जमत नाही, म्हणून बाजारात ती भाव खाते.

"मावशी, कोणत्या वारुळावरच्या?"

"जागा नाही सांगत जी. पुढच्या साली बी तेथूनच आणाच्या आहेत."

मावशींचा हिशेब पक्का होता. वारूळ न खणता सात्या काढल्या तर खालचा मळा शाबूत राहतो. पिवळ्या पळसाचे मात्र उलटे. फुलला की फोटोसकट पत्ता गावोगाव पोचतो. मग गुप्तधनाच्या, मंत्रतंत्राच्या नादाने कोणी साल सोलतो, कोणी मुळ्या खणतो. परागकण पक्षी वाहणार आणि भोवताली सगळा केशरी पळस. तेव्हा बी पेरून पिवळाच उगवेल याची हमी नाही. असलेले झाड जपणे एवढेच आपल्या हाती.

दर पावसाळ्यात निघणाऱ्या सात्यांची जागा गुपित आणि क्वचित दिसणाऱ्या झाडाची दवंडी, हा उफराटा कारभार आहे. पिवळा पळस दिसला तर डोळे भरून पाहा, फोटोही काढा. गाव आणि खूण तेवढी सांगू नका. तो कोणत्या शिवारातला, हे इथेही म्हणूनच लिहिलेले नाही.