पिंपांचे बेट : त्रिनिदाद रोजनिशीतील पाने

१९ फेब्रुवारी २०२५, पोर्ट ऑफ स्पेन

न्याहारीला वुडब्रुकमध्ये डबल्स. हळदीने पिवळे झालेले दोन मऊ बारा, भटुऱ्याची धाकटी भावंडेच. त्यांवर पातळसर चणे, काकडी आणि आंब्याचा कुचेला. गाडीवाल्या बाई एवढेच विचारतात, तिखट किती? 'स्लाइट' म्हणालो तरी नाकातून पाणी आले. कागद हातात धरून, पुढे वाकून, उभ्यानेच खायचे. बाजूच्या रांगेत बँकेतले साहेब आणि हमाल एकामागे एक उभे होते.

२० फेब्रुवारी

रात्री शार्लट स्ट्रीटवर रेनिगेड्स या स्टीलपॅन वाद्यवृंदाच्या पॅनयार्डमध्ये, म्हणजे सरावाच्या आवारात. कार्निव्हल तोंडावर आल्यामुळे शंभराच्या वर वादक एकच तुकडा पुन्हा पुन्हा घोटत होते. एक जण पॅन मांडीवर घेऊन सूर लावत बसला होता. तेलाच्या पिंपाचा तळ ठोकून ठोकून खोलगट करायचा, त्यात सुरांची घरे उठवायची, मग लहान हातोडीने एकेक घर सुरात आणायचे. तो एक टोला मारी, रबर गुंडाळलेल्या काठीने वाजवून कान देई, मान हलवी, पालथ्या बाजूने दुसरा टोला. मी तासभर हेच बघत बसलो.

हे वाद्य हौसेने जन्मलेले नाही. गुलामगिरी संपल्यावर काळ्या वस्तीने मशाली आणि ढोल घेऊन कॅनबुले हे पर्व साजरे केले. १८८१ साली ते मोडायला गेलेल्या पोलिसांशी मोठी चकमक झडली. पुढे ढोलावर बंदी आली. लोकांनी बांबू आपटून ताल धरला, १९३०च्या दशकात डबे आणि लोखंड हाती घेतले, महायुद्धानंतर तेलाची पिंपे. सुरुवातीला पॅनवाले म्हणजे गुंड, असे भल्या घरांत मानत. आता देशाच्या राजचिन्हातून कोलंबसची तीन जहाजे काढून तिथे स्टीलपॅन बसवायचे ठरले आहे. कोलंबस १४९८ साली इथे आला होता. त्याला पुरेसा मान मिळून झाला.

२२ फेब्रुवारी, वॉटरलू

पारियाच्या आखातात बांधलेले देऊळ. शिवदास साधू हे उसाच्या मळ्यातले मजूर. १९४७ साली त्यांनी किनाऱ्यावर देऊळ बांधायला घेतले, पण जागा ऊस कंपनीची. १९५२ साली ते पाडले गेले, साधूंना तुरुंगवास आणि दंड झाला. जमिनीवर मनाई आहे, तर समुद्र कोणाच्या मालकीचा? सुटून आल्यावर ते सायकलला बादल्या अडकवून दगड-सिमेंट वाहू लागले आणि पिंपांत काँक्रीट भरून ओहोटीच्या वेळी भर घालत गेले. वर्षानुवर्षे, एकट्याने. आजची देखणी वास्तू १९९५ सालच्या जीर्णोद्धाराची. इथेही पिंपेच, हे परतताना लक्षात आले.

'फातेल रझाक' जहाज ३० मे १८४५ रोजी पहिले गिरमिटिये, म्हणजे उसाच्या मळ्यांसाठी भारतातून कराराने आणलेले मजूर, घेऊन आले. १९१७पर्यंत जवळपास दीड लाख माणसे आली, बहुतेक भोजपुरी मुलखातली, कलकत्त्याहून. त्यांच्या वाट्याला तर गोळ्या आल्या: १८८४ साली सान फर्नांडोत मोहरमची मिरवणूक बंदी झुगारून निघाली, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात किमान १६ माणसे मेली. होसे, म्हणजे इथला मोहरम, आजही निघतो. सेंट जेम्समध्ये त्याचे ताशे वाजवायला हिंदूही असतात, काळेही. आपल्याकडचे पाहुणे इथे येऊन 'जपलेला भारत' शोधतात, याचा मला कंटाळा आहे. ही माणसे त्रिनिदादची आहेत.

२३ फेब्रुवारी

क्वीन्स पार्क ओव्हल. मराठी माणसाने इथे डोके टेकवावेच. मार्च १९७१मध्ये वाडेकरांच्या भारतीय संघाने याच मैदानावर वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवले. मडगावच्या सरदेसाईंचे शतक, पदार्पणात गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७. महिन्याभराने इथेच १२४ आणि २२०. यजमानांच्या लॉर्ड रिलेटरने गावसकरांवर चक्क कॅलिप्सो रचले. हरवणाऱ्याचे गाणे करणारा गाव मला फार आवडतो.

२४ फेब्रुवारी

येणाऱ्यांसाठी: पोहायचे, वाळूत लोळायचे असेल तर सरळ टोबॅगोला जा. त्रिनिदादला यायचे तर कार्निव्हलच्या आधी पंधरवडाभर या. ऐन दोन दिवसांत हॉटेलांचे दर परवडत नाहीत आणि पॅन गर्दीत नीट ऐकूही येत नाही. पॅनयार्डमध्ये रात्रीच्या सरावाला कुणीही जाऊन बसावे.