अखंड घटिका

वेळेचा सदुपयोग कसा करावा हे सांगणाऱ्या ग्रंथांना आज तोटा नाही. त्यांतील दिनचर्येचे तक्ते मी आवडीने वाचतो. परंतु एकाचा तक्ता पाळला जावा म्हणून घरात दुसऱ्या कोणाचा मोडतो, याचा उल्लेख मात्र माझ्या वाचनात आलेला नाही.

आपल्या पूर्वजांनी अहोरात्रीच्या ६० घटिका केल्या. तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावयाची. ती बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, सरली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रांचेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचे, स्वयंपाकघरातले घड्याळ समोर ठेवून २५ मिनिटांच्या अखंड अभ्यासाची पद्धत बसविली. दोहोंत अंतर अवघ्या एका मिनिटाचे!

वाटी बुडेपर्यंत तिला कोणी हात लावू नये, हेच खरे मर्म. मलाही रोज सकाळी अशी एक घटिका लाभते, आणि तीत दिवसाचे निम्मे काम उरकते. पण ती मला देते कोण? दारावर आलेल्याची बोळवण करणारी, मुलाची हाक वाटेतच झेलणारी, उतू जाणारे दूध सावरणारी गृहिणी! माझी घटिका अखंड राहते, ती तिच्या घटिकेची साठ पळे साठ दिशांना विखुरतात म्हणून.

तेव्हा ज्याला दिनक्रम आखावयाचा असेल, त्याने पहिली अखंड घटिका तिच्या नावे मांडावी. आणि वाटी बुडेपर्यंत दुधापाशी स्वतः उभे राहावे.