पुसून उजळलेला काळ : एका ड्यूझेनबर्गची कहाणी

#थ्रेड #इतिहास

१/ ऑगस्ट २००७. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील जुन्या मोटारींच्या स्पर्धेत सर्वोत्तम गाडीचा मान १९३५ च्या एका ड्यूझेनबर्गला मिळाला. गाडीचे वय ७२ वर्षे. अंगावर मात्र वयाची एकही खूण नव्हती. ही झळाळी नेमकी कोणत्या दिवसाची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

२/ फ्रेड आणि ऑगस्ट ड्यूझेनबर्ग हे बंधू जन्माने जर्मन. बालपणीच अमेरिकेत, आयोवा राज्यात आले. शिक्षण बेताचे, पण इंजिनाची जाण विलक्षण. १९२१ साली त्यांच्या गाडीने फ्रेंच ग्रां प्री जिंकली; पुढे १९२४, १९२५ आणि १९२७ मध्ये इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यतही. व्यवहार मात्र दोघांना कधी साधला नाही.

३/ १९२६ मध्ये ई. एल. कॉर्ड या उद्योजकाने कंपनी विकत घेतली आणि फ्रेडकडे जगातील सर्वश्रेष्ठ गाडी मागितली. डिसेंबर १९२८ मध्ये ‘मॉडेल जे’ अवतरली. एका रांगेत आठ सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, ६.९ लिटरचे इंजिन आणि २६५ अश्वशक्तीचा दावा. सुपरचार्जर बसवलेल्या ‘एसजे’चा दावा ३२० चा होता.

४/ कंपनी विकत असे ती मुख्यतः चासी : सांगाडा, इंजिन आणि चाके. तिचीच किंमत ८,५०० डॉलर. फोर्डची साधी गाडी तेव्हा पाचशेच्या आसपास मिळे. वरची बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बांधून घेई. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी आपल्या ‘एसजे’ची नारिंगी-काळी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून घडवून घेतली होती.

५/ म्हणूनच ‘मूळ गाडी’ हा शब्द येथे प्रारंभापासून निसरडा आहे. कित्येक गाड्यांच्या बॉड्या पुढे बदलल्या, इंजिने इकडची तिकडे गेली. आजही जाणकार एखादी ‘जे’ ओळखतात ती इंजिनाच्या क्रमांकावरून.

६/ पदार्पणानंतर वर्षही झाले नव्हते, तोच १९२९ चा शेअरबाजार कोसळला. १९३२ मध्ये स्वतःच्याच ड्यूझेनबर्गला झालेल्या अपघातानंतर फ्रेड वारले. १९३७ पर्यंत कारखाना बंद पडला. तोवर ‘मॉडेल जे’च्या जेमतेम ४८० गाड्या तयार झाल्या होत्या.

७/ पेबल बीचची विजेती ही त्या उताराच्या काळातली. १९३५ मध्ये युटातील बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर अ‍ॅब जेन्किन्स यांनी ती २४ तास धावत ठेवली. सरासरी वेग ताशी १३५ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे २१७ किलोमीटर. तयारीमागे ऑगस्ट यांचा हात होता. ‘मॉर्मन मीटिओर’ हे नाव सॉल्ट लेक सिटीतील एका वृत्तपत्राच्या स्पर्धेतून आले.

८/ पुढच्याच वर्षी तिच्यात विमानाचे इंजिन बसवले गेले. ते तिला पेलेना. विक्रमांसाठी वेगळी गाडी बांधली गेली, तेव्हा हिचे मूळ इंजिन परत आले आणि जेन्किन्स यांनी ती रस्त्यावर चालवण्याजोगी करून घेतली. पुढे सॉल्ट लेक सिटीचे महापौर झालेल्या या गृहस्थांनी ती हजारो मैल चालवली.

९/ पुनरुज्जीवन करणाऱ्यांनी १९३५ चे विक्रमी रूप निवडले. जुनी छायाचित्रे हा त्यांचा आधार. अशा कामात गाडी खिळा-खिळा सुटी होते, कुजलेले लाकूड बदलते, पत्रा पुन्हा ठोकून घेतात आणि रंग नव्याने चढतो. कसब अस्सल असते, यात शंका नाही. पण विक्रमानंतरच्या बदलांना या रूपात जागा उरली नाही.

१०/ मराठी वाचकाला ही पेचाची जागा परकी नाही. मूर्तीवरची शेंदराची पुटे उतरली की आतले प्राचीन शिल्प उजळून निघते. पण ती पुटे म्हणजेही पिढ्यान्‌पिढ्यांची पूजा असते. एक काळ दिसावा म्हणून दुसरा काळ खरवडावा लागतो.

११/ गाडी गंजू द्यावी, असा याचा अर्थ नव्हे. पुनरुज्जीवन झाले नसते, तर १९३५ चे ते रूप केवळ छायाचित्रांतच उरले असते. अलीकडे अशा स्पर्धांत जुना रंग, फाटकी गादी तशीच जपलेल्या गाड्यांनाही स्वतंत्र गट असतो. ती दृष्टीही हळूहळू रुजते आहे.

१२/ प्रत्येक पुनरुज्जीवन हे इतिहासलेखनच असते : काय ठेवायचे आणि काय गाळायचे, याचा निर्णय. ग्रंथात गाळलेला मजकूर दुसरा अभ्यासक पुन्हा शोधू शकतो. खरवडलेला रंग परत येत नाही. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी आधीच्या अवस्थेची काटेकोर नोंद ठेवणे, हे त्या कामातले पहिले कर्तव्य ठरते.