थांबा म्हणाले, का ते नाही

दोन मिनिटांचं काम होतं. ते कुणी रात्रीच केलं असतं, तर दादा पहाटेपर्यंत व्हरांड्यात येरझारा घालत बसला नसता. ऑपरेशनला उशीर झाला याचं मला काही वाटत नाही, राग आहे तो न सांगण्याचा.

आमच्या शिरड शहापूरला उन्हाळ्याच्या तोंडाशी हळद काढायची, शिजवायची धांदल असते. ट्रॉली रिकामी करताना खिट्टी निसटली, फाळका धाडकन खाली आला आणि त्याचा लोखंडी कोपरा पुतण्याच्या डोक्यात बसला. कुणीतरी मूठभर हळद जखमेत दाबली, वरून टॉवेल आवळला. वसमतला पट्टी आणि इंजेक्शन झालं, तिथून सरळ नांदेड. पोरगं शुद्धीत होतं, नाव-गाव सांगत होतं.

दवाखान्याचं नाव घेत नाही. सीटी स्कॅन झालं. "कवटीचं हाड आत खचलंय, ऑपरेशन लागेल," एवढं बोलून डॉक्टर गेले. इंग्रजीत छापलेल्या फॉर्मवर दादाची सही घेतली आणि तोंडानं काही द्यायचं नाही म्हणून बजावलं. लागेल म्हणजे कधी? सिस्टर म्हणाली, थांबा. वॉर्डबॉय म्हणाला, थांबा. पोरगं सारखं म्हणत होतं, "काका, घोटभर पाणी द्या ना." मी ओला कापूस त्याच्या ओठांवरून फिरवायचो, तो कापूसच चोखायचा.

रात्री शेजारच्या खाटेवर एक पोरगा आला. मोटारसायकलवरून पडलेला, कानाच्या वर नुसतं टेंगूळ, स्वतःच्या पायांनी आत आला. आईशी भांडत होता. थोड्या वेळानं त्याला ओकारी झाली, मग गुंगी आली, आणि बघता बघता स्ट्रेचर थिएटरकडे धावलं. आमच्याच्या पट्टीतून रक्त पाझरतंय आणि आत गेला तो! दादा उठला, काउंटरवर जाऊन ओरडला, "आमचं लेकरू काय फुकटचं आहे का?" वशिला, पैसा, ओळख, काय काय आमच्या मनात आलं नसेल. काउंटरवाल्यानं मान वर केली नाही. म्हणाला, थांबा.

सकाळी ड्रेसिंगला आलेल्या शिकाऊ डॉक्टर मॅडमनं फाइलच्या मागे पेनानं एक गोल काढला. कवटी आणि मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचलं की माणूस आधी चांगला बोलतो आणि मग झपाट्यानं बुडतो; तिथं मिनिटं मोजायची. तुमच्या मुलाच्या आत रक्त साचलेलं नाही, पण जखम उघडी आणि हाड खचलेलं. त्यात केस, माती, हळद. ते धुऊन हाड वर उचलायचं, शक्यतो चोवीस तासांत, म्हणजे जंतू आत शिरत नाहीत. अँटिबायोटिक रात्रीपासूनच चालू आहे. नुसती केसाएवढी चीर असती तर बहुधा ऑपरेशनच नसतं. संपलं. एवढंच होतं ते.

क्रिकेटपटू नरी कॉन्ट्रॅक्टरची गोष्ट मला तेव्हा आठवली. 1962 साली बार्बाडोसला वेस्ट इंडिजच्या ग्रिफिथचा चेंडू डोक्यात बसला, कवटी फुटली. मेंदूवरचा दाब उतरवायला तिथंच तातडीनं ऑपरेशन करावं लागलं. त्यांच्याच कप्तानानं, फ्रँक वॉरेलनं रक्त दिलं, आपल्या चंदू बोर्डे, बापू नाडकर्णींनीही दिलं. पण डोक्यातली धातूची पट्टी नंतर, भारतात आल्यावर बसवली, आणि ती काढली थेट 2022 मध्ये, मुंबईत. एकाच डोक्याची तीन कामं, तिन्हींची घाई वेगळी.

आता कुणी विचारलं तर सांगतो: जखमेत हळद भरू नका, स्वच्छ कापड धरा, खचलेल्या जागी जोर देऊ नका. मार लागल्याची वेळ लिहून ठेवा. आणि पोरगं बोलतंय म्हणून घरी झोपवू नका. ओकारी, गुंगी, वाढती डोकेदुखी दिसली की गाडी काढा.

दुपारी ऑपरेशन झालं. हाडाचे तुकडे धुऊन तिथंच बसवले. डॉक्टरांचा क्रम बरोबर होता, हे मला पटलंय. तरी खरं सांगायचं तर उशिराचाही राग येतोच. एवढ्या मोठ्या शहरात रात्री दोन डोकी एका वेळी उघडता येऊ नयेत? वहिनी तर अजून म्हणते, हळदीनंच रक्त धरलं. झटके येऊ नयेत म्हणून गोळ्या चालू आहेत, तोवर मोटारसायकलची चावी माझ्याकडे आहे. त्यावरून पुतण्या माझ्याशी बोलत नाही.